जुन्या खेळांची संहिता

व्हिडिओ गेम हा शब्द कानी पडला की आपल्या धर्मग्रामातील बहुतेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांचे डोळे, मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळची रोझरी या तिन्हींचा वैरी म्हणून या खेळाकडे पाहण्याची आपल्या घरांना सवय झाली आहे, आणि ती सवय अगदीच निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि आज आम्हांला खेळ खेळण्यापेक्षा खेळ वाचण्याविषयी लिहायचे आहे. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत बसलेली काही माणसे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम ओळीओळीने वाचून काढीत आहेत आणि त्यांची हरवलेली मूळ संहिता आपल्या हाताने पुन्हा लिहीत आहेत. या कामाचा त्यांना एक छदामही मिळत नाही. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा या माणसांपैकी एक आहे. दिवसा तो एका कचेरीत संगणकाचे काम करतो आणि रात्री जेवणे आटोपली की हे. "याला वेड म्हणायचे, व्रत म्हणायचे की चोरी म्हणायची, ते तुम्हीच सांगा," असे बहिणीने आम्हांला विचारले. उत्तर देण्यापूर्वी ते काम मुळात काय आहे हे समजून घेणे आम्हांला भाग पडले. भाच्याने अनेक रविवारी मिस्सानंतर आमच्या ओटीवर बसून, कंटाळा न करता, ते समजावून दिले.

संगणकावरचा कोणताही खेळ प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला जातो. तीत शब्द असतात, नावे असतात, लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेली टिपणे असतात. मग 'कंपायलर' नावाचा एक प्रोग्रॅम त्या लिखाणाचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. यंत्राला नावांची गरज नसते आणि टिपणांची तर मुळीच नसते; ती वाटेत गळून पडतात आणि मागे उरतात ते केवळ आकडे. दुकानातून आपल्या घरी येते ती या आकड्यांची पेटी, जिला आपल्याकडची मुले 'कॅसेट' म्हणत. मूळ संहिता कंपनीच्या कपाटात राहते. कपाटांतल्या कागदांचे पुढे काय होते हे ज्यांनी चर्चच्या जुन्या दप्तरात आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली आहे त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

जपानातील क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीने २३ जून १९९६ रोजी 'निन्टेन्डो ६४' हे यंत्र बाजारात आणले आणि त्याच दिवशी 'सुपर मारिओ ६४' हा खेळही आणला. शिगेरू मियामोतो हे त्याचे दिग्दर्शक. तोवरचा मारिओ सपाट पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावत असे. या खेळात तो खोली असलेल्या जगात, मनाला येईल त्या दिशेने धावू लागला. यंत्राची ताकद आजच्या मानाने नगण्य होती. प्रोसेसरचा वेग ९३.७५ मेगाहर्ट्झ, स्मृती ४ मेगाबाइट, आणि राजवाडा, बर्फाचे डोंगर, पाण्याखालच्या गुहा, संगीत हा सगळा पसारा ८ मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये मावलेला. हल्ली एखाद्या लग्नाचे दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात.

आमचे मेहुणे जहाजावर नोकरीला होते. १९९९ साली सुटीवर येताना त्यांनी सिंगापूरहून हे यंत्र आणि दोन कॅसेट आणल्या. एक मारिओची आणि दुसरी 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' या खेळाची. हा दुसरा खेळ त्याआधीच्या नोव्हेंबरात निघाला होता. वर्षातले नऊ महिने समुद्रावर काढणारा बाप आणि त्याची दोन मुले यांना एकमेकांशी बोलायला विषय मिळाला तो त्या यंत्रामुळे, असे आमची बहीण अजूनही म्हणते. पत्रातून मुले विचारीत, "डॅडी, पाण्याच्या देवळातली ती किल्ली कुठे आहे?" आणि उत्तर कुठल्या तरी बंदरावरून दीड महिन्याने येई.

यंत्रे म्हातारी होतात. त्या यंत्राचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत आणि ते ज्या टीव्हीला जोडायचे तो पेटीसारखा टीव्ही घरातून केव्हाच गेला. यावर एक जुना उपाय आहे, त्याला 'इम्युलेटर' म्हणतात. आजच्या संगणकाने जुन्या यंत्राचे सोंग घ्यायचे आणि कॅसेटमधली प्रत्येक आज्ञा क्षणोक्षणी स्वतःच्या भाषेत करून घ्यायची. निन्टेन्डो ६४ बाजारात असतानाच, १९९९ च्या जानेवारीत, 'अल्ट्राएचएलई' नावाचा असा प्रोग्रॅम निघाला होता. परदेशी धर्मगुरूंच्या प्रवचनाच्या वेळी शेजारी उभे राहून वाक्यावाक्याचे मराठी करून सांगणारा दुभाषा असतो, त्यातलाच हा प्रकार. दुभाषा आहे तोवर प्रवचन कळते. पण त्याच्याकडून प्रवचनाचा कागद आपल्या हाती येत नाही.

भाच्याचे काम तो कागद मिळवण्याचे आहे. इंग्रजीत त्याला 'डिकंपाइल' करणे म्हणतात. आकड्यांकडून शब्दांकडे, असा हा उलटा प्रवास. प्रथम कॅसेटमधल्या आज्ञा सुट्या करून त्यांचे लहान लहान तुकडे पाडायचे. असा एक तुकडा म्हणजे एक 'फंक्शन', म्हणजे एक ठरावीक काम करणारा परिच्छेद. मग त्या परिच्छेदाचा अर्थ लावून तो सी या भाषेत स्वतः लिहायचा. लिहिलेले बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे? इथे या मंडळींनी स्वतःला घालून घेतलेली अट आम्हांला विलक्षण वाटली. नवे लिखाण पुन्हा यंत्रभाषेत उतरवायचे आणि ते कॅसेटमधल्या आकड्यांशी ताडून पाहायचे. एक आकडासुद्धा वेगळा आला तर तो परिच्छेद नापास. खेळ व्यवस्थित चालतो आहे ही सबब चालत नाही.

आता आकडे तसेच्या तसे यायचे तर रूपांतर करणारा कंपायलरही तोच हवा. तो होता सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या वर्कस्टेशनवरचा, नव्वदच्या दशकातला. ती यंत्रे आता संग्राहकांकडेच सापडायची. तेव्हा या मंडळींनी आधी तो जुना कंपायलरच आजच्या संगणकावर चालता केला आणि मग खेळाला हात घातला. विहीर उपसायची तर आधी रहाट दुरुस्त करावा लागतो, तसे ते झाले. मारिओच्या बाबतीत मात्र दैवाने थोडी साथ दिली. जपानी आणि अमेरिकी आवृत्तीचे रूपांतर करताना कंपायलरला काटछाट करून वेग वाढवण्याची मुभा दिलेली नव्हती असे आढळले. त्यामुळे मूळ लेखनाची वळणे त्या आकड्यांत बरीचशी जशीच्या तशी राहिली होती. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतरावरून मूळ ओळखणे सोपे जाते, तसेच हेही. एरवी एकेका परिच्छेदापायी आठवडे जातात. कुठे दोन ओळींची अदलाबदल करून पाहायची, कुठे एका ऐवजी दोन चले वापरून पाहायची. अशा अदलाबदली आपोआप करून पाहणारा एक प्रोग्रॅमही त्यांनी लिहिला आहे. तो रात्रभर चालत ठेवायचा आणि सकाळी उठून पाहायचे.

भाच्याने आम्हांला दाखवलेले एक उदाहरण इथे देण्याचा मोह आवरत नाही. मारिओच्या खेळात धावता धावता लांब उडी मारता येते. ती मारताच त्याचा वेग दीडपट करा आणि तो ४८ पेक्षा जास्त भरला तर ४८ वर आणून ठेवा, अशी दोन कलमे त्या परिच्छेदात आहेत. वाचताना काही चुकले आहे असे वाटत नाही. पण मारिओ पाठमोरा सरकत असेल तर त्याचा वेग उणे असतो. उणे वीस, उणे तीस, उणे पंचेचाळीस; कितीही दीडपट केले तरी उणे आकडा अधिक ४८ पेक्षा मोठा होणे शक्यच नाही. म्हणजे पुढे जाताना मर्यादा आहे आणि मागे जाताना नाही. चतुर खेळाडूंनी ही फट फार पूर्वीच हुडकली होती. जिन्यावर पाठमोऱ्या उड्या मारीत ते इतका वेग घेत की ज्या न संपणाऱ्या जिन्यावरून ७० तारे गोळा केल्याखेरीज वर पोचता येत नाही तो त्यांनी रिकाम्या हाताने पार केला. १९९७ साली जपानात निघालेल्या सुधारित आवृत्तीत ही फट बुजवली गेली. परंतु मूळ आवृत्तीचे पुनर्लेखन करणाऱ्याने ती बुजवायची नाही, असा नियम आहे. चूक दिसते, दुरुस्ती एका ओळीची आहे, तरीही चूक जशीच्या तशी उतरवायची.

नकलाकाराला हा संयम किती कठीण जातो याचे स्मरण आम्हांला आपल्याच एका ग्रंथाच्या निमित्ताने झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले; १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण मात्र आपल्या हाती आहे. का? तर गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांत त्याच्या हाताने उतरवलेल्या प्रती वाचल्या जात होत्या, आणि जोसेफ साल्डाना यांनी अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले. नकला करणाऱ्यांची नावे बहुतांशी आपल्याला ठाऊक नाहीत. दिव्याच्या उजेडात ओवीमागून ओवी उतरवताना एखादा शब्द त्यांना अपरिचित वाटला असेल, बदलावासाही वाटला असेल. क्वचित बदललाही असेल, कारण प्रतींत पाठभेद आहेत. एका पुराणाची आणि एका खेळाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. एका बाजूला तारणाची कथा आहे आणि दुसऱ्या बाजूला मिशीवाल्या नळकाऱ्याच्या उड्या. परंतु छापखान्याने हरवलेले नकलाकाराने राखावे, हे दोन्हीकडे सारखेच घडले.

मारिओची ही पुनर्लिखित संहिता २०१९ साली लोकांपुढे आली आणि पुढच्या वर्षी तीवरून आजच्या संगणकावर कोणत्याही दुभाषाविना थेट चालणारा मारिओ तयार झाला. 'ओकारिना ऑफ टाइम'चे काम नोव्हेंबर २०२१ मध्ये पुरे झाले. त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली होती. त्याची कॅसेट ३२ मेगाबाइटची, म्हणजे मारिओच्या चौपट. तो खेळ मूळ अमेरिकी आणि जपानी यंत्रावर सेकंदाला २० चित्रे या गतीने चाले. आता तो रुंद पडद्यावर त्याच्या तिप्पट गतीने, लोण्यासारखा चालतो. आमच्या डोळ्यांना तो फरक पहिल्यांदा कळला नाही; भाच्याच्या मुलीला लगेच कळला.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे यायला हवे. सातवी आज्ञा म्हणते, चोरी करू नको. ही चोरी आहे काय?

कायद्याचे म्हणावे तर अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९९२ साली सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात, दुसऱ्याचा प्रोग्रॅम त्याच्या यंत्राशी जुळेल असे काही नवे बनवण्यासाठी उकलून पाहणे हा योग्य वापर ठरवला. आपल्याकडेही १९९९ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्रॅमचे निरीक्षण आणि अभ्यास करण्याला, तसेच वैध मार्गाने मिळालेल्या प्रतीची स्वतःपुरती, धंद्याखेरीज, नक्कल करण्याला जागा ठेवली आहे. परंतु अख्ख्या खेळाचे पुनर्लेखन करून ते चव्हाट्यावर मांडण्याची मोकळीक या तरतुदींनी दिली आहे, असे त्यांतून निघत नाही. भाषांतरकाराला लेखकाची परवानगी लागते. आकडा न आकडा जुळवून लिहिलेली संहिता मूळ लेखकाच्या मालकीपासून किती दूर मानायची? चालू खेळाच्या तयार प्रती संगणकांवर फिरू लागल्या तेव्हा, मे २०२० मध्ये, निन्टेन्डोने हरकत घेऊन त्या काढायला लावल्या. त्यात आम्हांला अन्याय दिसत नाही. ज्याने काम केले त्याचा त्यावर हक्क आहे, हे आपल्या शेतकरी आणि कामगार घरांना कुणी शिकवण्याची गरज नाही.

पण त्याच कंपनीने मारिओ ६४ ज्या संचात पुन्हा विकला तो संच सप्टेंबर २०२० मध्ये काढून ३१ मार्च २०२१ रोजी तिने दुकानांकडे पाठवणे बंद केले, हेही सांगायला हवे. विकत घ्यायला तयार असलेल्या माणसासाठीही दार सहा महिनेच उघडे. हा तर जगप्रसिद्ध खेळ, बाकीच्यांचे काय? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसून आले की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळतच नाहीत. मालक राखत नाही आणि राखणाऱ्याला मालकी नाही, अशी ही गाठ आहे. धान्य कोठारात कुजत ठेवणाऱ्याविषयी आपल्या धर्मपित्यांनी फार कडक शब्द लिहून ठेवले आहेत. ते भाकरीविषयी होते, खेळाविषयी नव्हते. तरीही ते आम्हांला आठवल्यावाचून राहिले नाहीत.

या मंडळींनी आपल्यापुरता काढलेला मार्ग असा की खेळातली चित्रे, संगीत यांतले काहीही त्यांच्या संहितेसोबत दिले जात नाही. ते तुमच्या स्वतःच्या कॅसेटमधून तुम्हीच उतरवून घ्यायचे. ती नसेल तर नुसती संहिता म्हणजे चित्रे काढून घेतलेल्या चौकटी. लोक मग कॅसेटमधला मजकूर कुठून मिळवतात हे आम्हांला ठाऊक नाही असे नाही. फुकट उतरवून घेणाऱ्याने आपल्या विवेकाला विचारावे. आमचे मत विचाराल तर ते चोरीच्या फार जवळ आहे. भाच्याजवळ वडिलांनी आणलेल्या दोन्ही कॅसेट आहेत.

त्यांतल्या एका कॅसेटविषयी थोडे सांगितले पाहिजे. 'ओकारिना'च्या कॅसेटमध्ये खेळणाऱ्याची प्रगती ज्या चिपमध्ये साठते ती एका बटणाएवढ्या बॅटरीवर जिवंत राहते. तीन जणांपुरती जागा, प्रत्येकाला आठ अक्षरांचे नाव. पहिल्या दोन जागा मुलांच्या होत्या. तिसरी मेहुण्यांची होती; आपले घरातले नाव त्यांनी स्वतः बटणे दाबून घातले होते आणि त्यांचा खेळ अर्ध्यावर थांबला होता. २००८ साली ते वारले. मुलांनी त्या तिसऱ्या जागेला कधी हात लावला नाही. वर्षातून एकदा, बहुधा नाताळात, यंत्र जोडून ती यादी नुसती उघडून पाहत. २०१७ च्या नाताळात कॅसेट लावली तेव्हा तिन्ही जागा रिकाम्या होत्या. बॅटरी संपली होती. भाच्याने कॅसेट उघडून नवी बॅटरी डाख देऊन बसवली, खेळ पूर्ववत चालू झाला, नाव आले नाही.

"मामा, खेळ लाखो कॅसेटमध्ये आहे," तो आम्हांला म्हणाला, "तो कुणीतरी कुठूनतरी परत आणील. डॅडींचे नाव त्या एकाच चिपमध्ये होते." त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी तो या पुनर्लेखनाच्या कामात पडला. या दोहोंचा संबंध तो जोडत नाही. त्याची आई जोडते.

आम्ही बहिणीला दिलेले उत्तर मात्र त्या कॅसेटवर आधारलेले नव्हते. ते २०२० च्या पावसाळ्यात घडलेल्या एका गोष्टीवर आधारलेले होते. टाळेबंदीमुळे देवळे बंद होती, मिस्सा आपण सारे पडद्यावर पाहत होतो आणि भाच्याचे कामही घरूनच चालले होते. त्यामुळे रात्रीचा वेळ त्याला भरपूर मिळे. त्या जुलैत निन्टेन्डोच्या आतल्या दप्तरातला प्रचंड मजकूर कुणीतरी चोरून जगापुढे ओतला. त्यात जुन्या खेळांच्या मूळ, अस्सल संहितांचे भागही होते. नावांसकट, टिपणांसकट. ज्या उत्तरासाठी ही माणसे रात्री जाळीत होती ते उत्तर रस्त्यावर पडले होते आणि कुणीही वाकून उचलावे, असे होते. पोलीस पाहायला येणार नव्हता. पाहून लिहिले की न पाहता लिहिले हे आकड्यांवरून कुणाला ओळखताही आले नसते, कारण आकडे दोन्हीकडे तेच येणार.

गटांनी ठरवले की तो मजकूर वापरायचा नाही आणि ज्याने त्यातून काही घेतले त्याचे काम स्वीकारायचे नाही. आम्ही भाच्याला विचारले, "तू पाहिलास का?" तो म्हणाला, "नाही. पाहिला असता तर मला लिहिणे सोडावे लागले असते." यात कायद्याची भीती किती आणि विवेक किती, असा खोचक प्रश्न आम्ही केला. त्यावर तो हसला आणि म्हणाला, भीती गटाची होती. त्याची स्वतःची गोष्ट एवढीच की वाचून काढण्यात जो आनंद होता तो पाहून लिहिण्यात उरला नसता. हे उत्तर धर्मशिक्षणाच्या वर्गात पुरेसे ठरेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. बहिणीला मात्र आम्ही सांगितले, चोर असा वागत नाही.

तो त्या वेळी एका लहानशा फंक्शनवर अडला होता. एकूण चाळीस-पन्नास आज्ञा, त्यांतल्या दोन जुळत नव्हत्या. तो मजकूर उघडला असता तर उत्तर त्याला तासाभरात मिळाले असते. जुलै गेला, ऑगस्ट गेला, माउंट मेरीची जत्रा त्या वर्षी भरलीच नाही. ऑक्टोबरच्या रोझरीच्या महिन्यात एका रात्री त्या दोन आज्ञा जुळल्या. त्याने आईला उठवून सांगितले. तिला त्यातले काही कळले नाही, पण तिने उठून चहा केला.